सूतभर पितळ

कस्तुरचंदांच्या घरात सूर्य दोन होते. एक आभाळातला, तो शिरपुरातल्या सगळ्यांवर सारखाच तापायचा. दुसरा रुपयाएवढा, तांब्याचा, मधल्या खोलीतल्या पुरुषभर उंचीच्या घड्याळात फिरणारा. घरात हुकूम चालायचा तो या दुसऱ्याचा. आभाळातला सूर्य ढगाआड दडतो, धुक्यात उशिरा उठतो, त्याचा काय भरवसा, असं कस्तुरचंदांचे वडील म्हणायचे. आणि बाबूजींच्या बोलण्यावर बोलायची त्या घरात रीत नव्हती.

हा तांब्याचा सूर्य कार्तिकातल्या एका सोमवारी दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी थांबला. दुसऱ्या एखाद्या घरात कोणी म्हटलं असतं, बरं झालं, जुनी ब्याद गेली. इथे अंगुरीबाईंचा चौविहार होता. सूर्य बुडाला की अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही, सकाळी सूर्य उगवून दोन घड्या उलटेपर्यंत तोंड बंद. चौदाव्या वर्षी माहेरी घेतलेलं हे व्रत, आता त्यांचं वय चौऱ्याहत्तर. साठ वर्षांत त्यांनी ना ताप पाहिला ना बाळंतपण. येत्या रविवारी समाजाच्या सभागृहात त्यांचा सत्कार ठरला होता आणि नेमकं त्याच आठवड्यात घड्याळानं मान टाकली.

"मोबाईलवर पाहून घे न," कस्तुरचंद म्हणाले. "त्याच्यात सूर्यास्त असते."

"मोबाईलले काय ठाऊक आपला सूर्य?" असं म्हणून अंगुरीबाईंनी सोपा उपाय काढला. दुपारी चारलाच चूल आवरायची. म्हणजे शंकाच नको.

कस्तुरचंदही चौविहार पाळत. त्यामुळे त्यांनाही चारलाच ताटावर बसावं लागलं आणि रात्री आठच्या सुमाराला पोटात कावळे ओरडू लागले. शहात्तराव्या वर्षी माणसाची झोप तशीही कमी असते. त्यांची तर त्या आठवड्यात पार उडाली होती, पण भुकेनं नव्हे. रविवार जवळ येत होता म्हणून.

घड्याळाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

कारंजा गावातल्या कापसाच्या एका जिनिंगमध्ये पूर्वी एक गोरा मॅनेजर होता. तो विलायतेला परत गेला तेव्हा त्याच्या सामानातून बाबूजींनी हे घड्याळ घेतलं. लोकांनी वेड्यात काढलं, कारण त्याची तबकडी बारा तासांची नव्हतीच, चोवीस तासांची होती. काट्याच्या टोकाला बसवलेला तांब्याचा सूर्य दिवसातून एकदाच फेरी मारायचा. वरच्या कमानीत चंद्राची चकती होती, ती साडेएकोणतीस दिवसांत पुऱ्या चंद्राची कोर करायची आणि कोरीचा पुन्हा पुरा चंद्र. बाबूजींनी तिच्या कडेला कागदाची पट्टी चिकटवून त्यावर तिथ्या लिहिल्या होत्या. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी खायची नाही, म्हणून त्या दोन तांबड्या शाईत.

पण खरी गंमत खालच्या बाजूला होती. तबकडीच्या डावी-उजवीकडे निळ्या पोलादाचे दोन पडदे होते. सकाळी सूर्य डाव्या पडद्यामागून वर निघायचा, संध्याकाळी उजव्या पडद्यामागे बुडायचा. आणि हे पडदे जागचे हलायचे, रोज केसभर. मार्गशीर्षात वर चढून दिवस लहान करायचे, ज्येष्ठात खाली उतरून मोठा करायचे. पडद्यांना हे सांगायचं कोण? तर घड्याळाच्या पोटात वर्षातून एकदा फिरणारं एक चाक होतं. त्या चाकावर पितळेचा एक पत्रा, गोल नाही, लांबट नाही, वालाच्या दाण्याच्या घाटाचा. त्याच्या कडेवरून पोलादाचं एक बोट सरकत राहायचं. कड उंच आली की बोट वर, बोट वर गेलं की पडदे वर. वर्षाचे सगळे लहानमोठे दिवस त्या पत्र्याच्या कडेवर कोरलेले होते. ज्याला हे पहिल्यांदा सुचलं त्या माणसाच्या पाया पडावं असं कस्तुरचंदांना लहानपणी वाटायचं.

मूळचा पत्रा मात्र विलायतेच्या दिवसांचा होता. तिकडे उन्हाळ्यात म्हणे रात्री नऊपर्यंत उजेड असतो. त्या हिशोबानं चाललं असतं तर ज्येष्ठात शिरपूरचे जैन रात्री नऊला सूर्याच्या साक्षीनं जेवले असते! तेव्हा बाबूजींनी गावातल्या उकंडराव तांबटाला बोलावलं. उकंडराव सालभर दर आठ दिवसांनी गावाबाहेरच्या टेकाडावर जाऊन सूर्य बुडताना पाहत बसायचे आणि वहीत खुणा करायचे. मग त्यांनी शिरपूरच्या दिवसांचा नवा पत्रा कापला. बाबूजींनी अंगणातल्या फरशीत एक तांब्याची तार आणि तिच्या टोकाशी एक उभा खिळा बसवून घेतला. दर रविवारी दुपारी खिळ्याची सावली तारेवर पडली की घड्याळात बारा. रेडिओत तेव्हा बारा वाजून वीस-बावीस मिनिटं झालेली असायची. रेडिओ दूरच्या गावाच्या वेळेवर चालतो, आपण आपल्या, असं म्हणून बाबूजी रेडिओ बंद करायचे. छापील पंचांग मुंबईचं, रेडिओ परगावचा. घड्याळाशी कशाचंच जमायचं नाही, आणि जमू नये हेच घरात सगळ्यांना बरोबर वाटायचं.

शेजारच्या ललिताबाई पंचांग पाहून जेवायच्या. त्यांची ताटं वाढली जात तेव्हा या घरातला सूर्य बुडालेला असे. अंगुरीबाई तोंडानं काही बोलायच्या नाहीत. नुसत्या भांडी घासताना उसासा टाकायच्या.

घड्याळाकडे स्वतः जाऊन बघायची त्यांना सवय नव्हती. लग्न होऊन आल्या तेव्हा मधल्या खोलीत सासरे बसलेले असत, तिथे जायचं कसं? तेव्हापासून स्वयंपाकघराच्या दारातूनच विचारायचं, "दिवस हाये का?" मधल्या खोलीतून कस्तुरचंदांनी घड्याळ पाहून सांगायचं, "हाये." मग त्या पहिला घास घ्यायच्या. सासरे गेले, डोक्यावरचा पदर ढळला, सून-नातवंडं आली आणि पुण्याला राहायलाही गेली, पण हा सवाल-जवाब पंचावन्न वर्षं रोज चालू होता.

आणि यातल्या एका दिवशी कस्तुरचंद खोटं बोलले होते.

एक्क्याऐंशी सालच्या श्रावणातली गोष्ट. अंगुरीबाईंना सातवा महिना होता. आधीची दोन पोटातच गेली होती. वाशीमच्या डॉक्टरीणबाईंनी त्या दिवशी तपासून कस्तुरचंदांनाच दम भरला, हिला उपाशी ठेवू नका, अंगात काही नाही हिच्या. येताना एसटी अर्ध्या वाटेत बंद पडली. दुसरी यायला दोन तास लागले. अंगुरीबाईंच्या पोटात सकाळच्या एका भाकरीखेरीज काही नव्हतं. घराच्या पायरीपर्यंत आल्या आणि भिंत धरून खालीच बसल्या, ओठ पांढरे पडलेले. बाबूजी देवळात गेले होते. आभाळ भरून आलेलं, बाहेर दिवस आहे की नाही काही कळत नव्हतं. कस्तुरचंद धावत आत गेले. तांब्याचा सूर्य नेमका त्याच घटकेला निळ्या पडद्यामागे चालला होता, वरची एक किनार तेवढी चमकत होती. बघता बघता तीही गेली.

त्यांनी काच उघडली. काटा वीस मिनिटं मागे सारला. सूर्य पुन्हा वर आला.

"दिवस हाये का?" पायरीवरून क्षीण आवाज आला.

"हाये," ते म्हणाले. "दिवस हाये अजून. जेवून घे."

अंगुरीबाईंनी बाहेर वळूनसुद्धा पाहिलं नाही. आत येऊन जेवल्या, वाटीभर कढी प्यायल्या, वरून तांब्याभर पाणी. सूर्य दुसऱ्यांदा बुडाला तेव्हा त्या तोंड पुसत होत्या. कस्तुरचंदांनी काटा परत पुढे लोटला. पुढच्या रविवारी बाबूजींनी सावली तारेवर आल्यावर घड्याळ पाहिलं, तर दोन मिनिटांचा फरक. "काट्याले हात कोनी लावला?" त्यांनी विचारलं. "म्या नाई," कस्तुरचंद म्हणाले. बाबूजींनी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि "बरं" म्हणून सोडून दिलं.

मुलगा सुखरूप झाला. पण कस्तुरचंदांना ती कढी पचली नाही. तोवर ते काही धर्मात्मा नव्हते. रात्री दुकान बंद करून बसस्टँडवर जायचं आणि गरम आलूबोंडा खायचा. म्हणजे रात्रीचं खाणं आणि वर कंदमूळ, एका घासात दोन पापं. त्या दिवसानंतर त्यांनी बसस्टँडचा रस्ता सोडला आणि मुकाट्यानं चौविहार सुरू केला. बायकोचं व्रत आपण मोडलं, तर निदान आपलं तरी धरावं, एवढाच विचार. अंगुरीबाईंना मात्र वाटलं, नवरा आपल्याकडे बघून सुधारला. त्यांनी ते अख्ख्या शिरपुरात सांगितलं. माहेरी सांगितलं. दर पर्युषणात चार बायका जमल्या की अजून सांगतात. प्रत्येक वेळी कस्तुरचंदांचे कान गरम व्हायचे.

अशी चव्वेचाळीस वर्षं गिळून ठेवलेली ती वीस मिनिटं आता रविवारी हार-तुऱ्यांसकट वर येणार होती. माइकवरून कोणीतरी म्हणणार, साठ वर्षं अखंड. आणि आपण पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायच्या? सांगावं तर साठ वर्षांची तिची पुण्याई एका वाक्यात मातीत जाते. न सांगावं तर ती खोटा हार गळ्यात घालून घरी येते. इकडे आड, तिकडे विहीर.

गुरुवारी वाशीमहून नरेंद्र आला. तो पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचा, पन्नाशीकडे झुकलेला. जुनी घड्याळं दुरुस्त करण्याचं त्याला वेड होतं. पैसे घेत नसे, घड्याळ उघडायला मिळालं की त्यातच खूश. त्यानं दोन दिवस बैठक मारली. वजनाची दोरी कुजली होती, तेलाचा डिंक झाला होता. सगळी चाकं धुतली, पुसली, जागच्या जागी लावली. शुक्रवारी दुपारी सावली तारेवर येताच घड्याळ पुन्हा टकटकू लागलं. अंगुरीबाई तेव्हा नुसत्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या दिवशी मात्र त्यांनी चारलाच जेवून घेतलं, कारण घड्याळाचा एक दिवस तरी पाहायला हवा. मग त्या देवळात गेल्या.

नरेंद्र घड्याळासमोर स्टूल टाकून सूर्य बुडायची वाट बघत बसला. सूर्य बुडाला. त्यानं मोबाईल पाहिला, खिडकीतून बाहेर पाहिलं, पुन्हा मोबाईल पाहिला.

"काका, गच्चीवर चला जरा."

"माहे गुडघे बापा."

"मी हात देतो. पाहाच तुमी."

कस्तुरचंद एक एक पायरी चढून वर गेले. किती वर्षांनी गेले असतील! खाली गल्लीत पश्चिमेला दुमजली घरं, त्यामुळे उन्हाची तिरीप चारलाच जायची आणि पुढे नुसता उजेड उरायचा. वर येऊन बघतात तर तुरीच्या शेतांवर सूर्य चांगला कासराभर वर होता. तांबूससुद्धा झाला नव्हता धड.

"पाच वाजून एकवीस मिनिटाले तुमच्या घड्याळातला बुडाला," नरेंद्र म्हणाला. "खरा बुडते पावणेसहाले. चोवीस मिनिटाचा फरक आहे. मले वाटलं, बसवताना माहीच काही चूक झाली."

"चूक असन मंग."

"नाही न. चला, दाखवतो."

खाली येऊन त्यानं घड्याळाचं मागचं दार उघडलं, टॉर्च लावला आणि कस्तुरचंदांच्या हातात भिंग दिलं. वालाच्या दाण्याच्या घाटाचा तो पत्रा. त्याच्या कडेच्या आतल्या बाजूनं एक बारीक रेघ ओढलेली होती, कडेच्या सोबतीनं सबंध फिरलेली. कड आणि रेघ यांच्यात सूतभर अंतर, सगळीकडे सारखं.

"कारागीर आधी रेघ मारते, मंग रेघेवर कापते," नरेंद्र सांगू लागला. "या माणसानं रेघ एकदम बरोबर मारली. म्या मोजून पाह्यली, खऱ्या सूर्यास्ताची आहे. पण कापलं रेघेच्या बाहेरून. सूतभर पितळ जास्तीचं ठेवलं. त्याच्यानं पडदे जरा वर राह्यतात. सकाळी सूर्य एक घडी, म्हणजे चोवीस मिनिट, उशिरा निघते, सांजच्याले एक घडी आधी बुडते. बारा महिने. अन् हे चुकून नाही झालं, खाली वाचा."

चाकाच्या दांड्याजवळ बारीक अक्षरं कोरलेली होती. कस्तुरचंदांनी भिंग पुढेमागे केलं. "खरी रेघ आत. शेटजीच्या सांगण्यावरून एक घडी राखून कापले. उकंडराव तांबट."

एक घडी राखून. कस्तुरचंद ते वाक्य तीनदा वाचून गेले. बाबूजी! घरातल्या सुनांचं जेवण कधी लांबतं, एखादा घास उशिरा जातो, हे त्या करड्या माणसाला ठाऊक होतं तर. वाण्याचा बेटा, हातचं राखल्याशिवाय व्यवहार कसला करतो? सूर्याशीसुद्धा केला नाही.

"नरेंद्र," ते सावकाश म्हणाले, "समज हा सूर्य बुडाला. तवा कोनी काटा वीस मिनिट मांगं केला. आन् पुन्हा बुडाच्या आत कोनी जेवून घेतलं. तर बाहेर दिवस होता का नाई?"

नरेंद्रला वाटलं, म्हाताऱ्याला हिशोब नीट समजून घ्यायचा आहे. "होता न. वीस मिनिट म्हणजे चोवीसच्या आत. चार मिनिट उरतात."

कस्तुरचंद स्टुलावर बसले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही. नरेंद्र बिचारा गोंधळला. तेलाचा वास झोंबला असेल म्हणून त्यानं खिडकी उघडली.

"रेघेपर्यंत घासून देऊ का?" त्यानं जाताना विचारलं. "अर्ध्या तासाचं काम आहे. एकदम खरं चालन."

"माह्या हातात नाई ते," कस्तुरचंद म्हणाले. "घड्याळ जिच्यासाठी चालते तिले इचारून सांगतो. सकाळी ये."

दिवे लागायच्या वेळेला अंगुरीबाई देवळातून आल्या. कस्तुरचंदांनी त्यांना मधल्या खोलीत बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. आधी श्रावणातली संध्याकाळ, मग पत्रा. उलट क्रमानं सांगितलं असतं तर सोपं गेलं असतं, पण त्यांना ते बरोबर वाटेना. आधी गुन्हा, मग सुटका. मधल्या काळात अंगुरीबाईंच्या चेहऱ्याचा रंग उडालेला त्यांनी पाहिला आणि त्यांची जीभ दोनदा अडखळली.

ऐकून झाल्यावर अंगुरीबाई पदराचा काठ बोटाला गुंडाळत बसल्या.

"कढी पेली होती मी," त्या म्हणाल्या. "याद हाये मले. आंबट होती."

"हाव."

"म्हंजे ते ललिताबाई बिचारी दिवसाउजेडीच जेवत होती इतके वर्स. आन् मी मनातल्या मनात किती बोलली असन तिले!"

कस्तुरचंदांना हसू आलं, पण बायकोचा चेहरा पाहून त्यांनी ते आवरलं.

"आन् तुमचा चौविहार? तो माह्याकडं पाहून नाई धरला?"

"नाई. भेवानं धरला."

"बाप्पा! म्या साऱ्या गावाले सांगतलं. माह्या भावाले सांगतलं. मेली माय माही, तिले मरताना सांगतलं का जावई माह्यामुळं धर्माले लागला." त्यांचा आवाज चढला. व्रतापेक्षा हे त्यांना जास्त लागलं होतं. "आन् बाबूजी? त्याईले तर ठाऊक होतं न घडीचं. त्याईनं काहून नाई सांगतलं?"

"त्याईले काटा हालला एवढंच समजलं असन. आन् पोरगा बसस्टँडवर जायचा बंद झाला हे दिसलं असन. मंग कायले सांगतीन?"

यावर अंगुरीबाईंच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. पण क्षणभरच.

"त्या दिवशी नाई सांगतलं, ते समजलं मले. पोटुशी होती. सांगतलं असतं तं म्या आठ दिवस उपास धरला असता आन् लेकरू गेलं असतं. पण मंग? पोरगा झाल्यावर? त्याचं लगन झाल्यावर? चव्वेचाळीस वर्स कायचं भेव होतं तुमाले?"

कस्तुरचंदांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट केलं. घड्याळ टकटकत होतं.

"तू रोज दारातून इचारते, दिवस हाये का. मी सांगतो आन् तू जेवते. बाहेर पाह्यत नाई. मले वाटलं, हे सांगतलं का तू पुन्हा कधी इचारणार नाई मले."

अंगुरीबाई उठल्या आणि देव्हाऱ्यापुढे जाऊन बसल्या.

शनिवारी सकाळी नरेंद्र आला. अंगुरीबाईंनी त्याच्याकडून पत्रा पाहून घेतला, रेघ पाहिली, उकंडरावांची अक्षरं त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घेतली. घासून खरं करू का, त्यानं पुन्हा विचारलं.

"काई नको करू. ज्यानं ठेवलं त्यानं समजून ठेवलं," त्या म्हणाल्या. "एका घडीचं पितळ कोनाले जड झालं नाई."

मग कस्तुरचंदांकडे न बघता, जणू नरेंद्रलाच सांगत असल्यासारख्या म्हणाल्या, "मी जेवली तवा माह्या मनात दिवस होता, आन् बाहेरबी दिवस होता. माहं व्रत साबूत हाये. उद्या मी सत्काराले जाईन. ज्याच्या मनात दिवस बुडाला होता त्यानं आपलं पाहून घ्यावं."

नरेंद्रला यातलं अक्षर कळलं नाही. त्यानं चहा घेतला आणि तो वाशीमला गेला.

दिवसभर घरात कामापुरतंच बोलणं झालं. पुण्याहून रुचिकाचा, नातीचा, फोन आला. आम्ही आज रात्री निघतोय, आजीनं कोणतं लुगडं नेसायचं ठरवलं? अंगुरीबाई तिच्याशी नीट बोलल्या. कस्तुरचंद दुपारभर मधल्या खोलीत बसून होते. ओझं उतरलं होतं खरं, पण त्या जागी काहीच आलं नव्हतं.

पाच वाजता स्वयंपाकघरात ताटं मांडल्याचा आवाज झाला. कस्तुरचंद सवयीनं ताठ बसले. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, सूर्य पडद्याच्या बोटभर वर. उत्तर तयार होतं. पण दारातून प्रश्न आला नाही. अंगुरीबाई हात पुसत मधल्या खोलीत आल्या, घड्याळासमोर उभ्या राहिल्या, डोळे बारीक करून त्यांनी सूर्य स्वतः पाहिला आणि परत आत गेल्या. "वाढलं," एवढंच म्हणाल्या.

दोघं जेवायला बसले. ज्वारीची भाकरी, मुगाची डाळ, चटणी. अर्धी भाकरी कस्तुरचंदांनी कशीबशी संपवली. हात धुवून ते पुन्हा खुर्चीत येऊन बसले. पाणी प्यायचं राहिलं होतं, पण मागायला तोंड उचलेना. घड्याळातला सूर्य निळ्या पडद्यामागे उतरला, किनार चमकली आणि गेली. झालं, उद्या सकाळपर्यंत आता पाणीसुद्धा नाही. त्यांचा घसा कोरडा पडला होता, पण असू दे, असं त्यांनी मनाशी म्हटलं. चव्वेचाळीस वर्षांत त्याची सवय झाली होती.

भांडी घासायचा आवाज थांबला. अंगुरीबाई आल्या. त्यांच्या हातात तांब्या होता, वर पालथा पेला. त्यांनी तो खुर्चीशेजारच्या तिवईवर ठेवला. कस्तुरचंदांनी तांब्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. पडद्याच्या वर सूर्य नव्हता.

"जेवताना पाणी नाई पेले तुमी," अंगुरीबाई म्हणाल्या. "मी पाह्यत होती."

"आता कसं? बुडाला तो."

"तुमच्या बापाचा बुडाला." त्या समोर जमिनीवर बसल्या आणि पाय लांब करून गुडघे चोळू लागल्या. मग हळूच म्हणाल्या, "दिवस हाये अजून. पेऊन घ्या."

खिडकी कस्तुरचंदांच्या डाव्या हाताला होती. नुसती मान वळवली असती तरी बाहेरचा उजेड दिसला असता. त्यांनी मान वळवली नाही. पेला भरला आणि तोंडाला लावला.